‘जमीन’ आणि ‘माती’ : मृदा-प्रदूषण व कायद्याची परिभाषा

मराठीत भूमीसाठी दोन शब्द नित्य वापरात आहेत. ‘जमीन’ म्हटले की मालक, मोजणी व सातबारा उभा राहतो. ‘माती’ला मात्र मालक नाही. नाश झाला की आपण ‘माती झाली’ म्हणतो. आणि शेतकरी तिलाच ‘काळी आई’ म्हणतो. भाषेतील हे द्वंद्व कायद्यातही आढळते काय, हे मराठीशी जुना संबंध असलेल्या तंजावर प्रांताच्या आधारे पाहावयाचे आहे.

कुंभकोणमजवळील मरुदानल्लूर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गाव नामसंकीर्तनाच्या परंपरेमुळे अभ्यासकांना परिचित आहे. तंजावरच्या भोसल्यांचा हा मुलूख. येथील भजनपद्धतीत मराठी अभंगांना स्थान आहे. या साऱ्या संस्कृतीचा पाया नदीच्या गाळातील भातशेती हा होय.

भारतात जलप्रदूषणाचा कायदा १९७४ मध्ये व वायुप्रदूषणाचा १९८१ मध्ये झाला. मातीसाठी असा स्वतंत्र केंद्रीय अधिनियम नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाने ‘पर्यावरण’ या संज्ञेत पाणी व हवेबरोबर भूमीचा आणि सूक्ष्मजीवांचाही समावेश केला. त्याच अधिनियमाखाली दूषित स्थळांविषयीचे नियम येण्यास २०२५ साल उजाडले.

या विलंबाची किंमत तामिळनाडूतच दिसली. पालार नदीच्या खोऱ्यात चर्मोद्योगांच्या सांडपाण्याने सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः वा पूर्णतः नापीक झाल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या वेल्लूर निकालात आहे. पूर्वकाळजी आणि ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी’ ही तत्त्वे शाश्वत विकासाची अंगे म्हणून त्या निकालाने भारतीय कायद्यात मान्य केली. त्या भरपाईत पीडितांच्या नुकसानीबरोबर पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्चही येतो. एकदा क्षारलेली भूमी निकालपत्राने सुपीक होत नाही.

म्हणूनच २०२० चा तामिळनाडूचा संरक्षित कृषिक्षेत्र अधिनियम लक्षणीय ठरतो. तंजावर जिल्ह्यासह त्रिभुज प्रदेशात नवे चर्मोद्योग, तांबे-जस्ताच्या भट्ट्या, तेल व नैसर्गिक वायूचे नवे उत्खनन यांस त्याने मज्जाव केला. येथे कायदा हानीपूर्वी उभा राहतो. तथापि आधीपासून चालू असलेले प्रकल्प त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि रासायनिक खते-कीटकनाशके हा त्याच्या प्रतिबंध-यादीचा विषय नाही.

तात्पर्य, कायद्याने आजवर प्रामुख्याने ‘जमीन’ राखली; ‘माती’ राखण्याचा आरंभ आता कोठे झाला आहे. ‘काळी आई’ हा शब्द केवळ भावनेचा न राहता कर्तव्याचा व्हावयाचा, तर हे अंतर ओलांडणे अपरिहार्य आहे.