पेनड्राइव्हचे खोटे माप

धान्य मोजण्याच्या मापाच्या तळाशी मेण चिकटवून गिऱ्हाइकाला नाडण्याचा प्रकार ग्रामीण भागात पूर्वापार परिचयाचा आहे. माप वरून पूर्ण दिसते, काठोकाठ भरलेले दिसते. परंतु घरी येऊन दुसऱ्या मापाने मोजले म्हणजे खोट उघडी पडते. संगणकातील माहिती साठविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पेनड्राइव्हच्या बाबतीत आज हीच लबाडी निराळ्या स्वरूपात होत आहे. भेद इतकाच की, येथे खोटे माप डोळ्यांनी दिसत नाही, आणि ते उघडकीस येईपर्यंत आत ठेवलेला माल नाहीसा झालेला असतो.

सिल्वासा येथे संगणकाच्या वस्तूंची दुकाने आहेत आणि वापीची बाजारपेठही जवळच आहे. तथापि खानवेल, मांदोणी, दुधनी या बाजूच्या शाळा व ग्रामपंचायती यांना एका लहानशा वस्तूसाठी नगरापर्यंत खेप घालणे सोयीचे नसते. साहजिकच ऑनलाइन खरेदीकडे ओढा वाढतो. वस्तू घरपोच मिळते, किंमत कमी पडते आणि विविधताही पुष्कळ असते. या सोयीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र दुकानात वस्तू हाताळून पाहता येते व दुकानदाराची ओळख असते. पडद्यावर केवळ छायाचित्र असते, ही गोष्ट विसरून चालत नाही.

लबाडी कशी केली जाते?

पेनड्राइव्हमध्ये मुख्यतः दोन भाग असतात. एक, प्रत्यक्ष माहिती साठविणारी स्मृतिचकती, म्हणजेच मेमरी चिप. आणि दुसरा, तिचा कारभार पाहणारा नियंत्रक. ‘यात किती जागा आहे?’ असे संगणक विचारतो, त्या वेळी उत्तर नियंत्रक देतो. संगणक स्वतः जागा मोजीत नाही. जे सांगितले जाईल त्यावर विश्वास ठेवतो. बनावट पेनड्राइव्हमध्ये ८ जीबीची स्वस्त चिप घालून नियंत्रकाला ६४ किंवा १२८ जीबी असे खोटे सांगण्यास लावलेले असते. त्यामुळे पडद्यावरील आकडा बरोबर दिसतो, वेष्टनावरील आकडाही बरोबर दिसतो आणि ग्राहक निश्चिंत होतो.

यापुढे काय घडते हे वहीच्या उदाहरणाने समजून घेता येईल. एका वहीवर ६४ पाने असे छापले आहे, परंतु आत ८ पानेच आहेत, आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका आहे असे समजा. नववे पान लिहिण्याची वेळ आली की, काही बनावट पेनड्राइव्ह तो मजकूर सरळ टाकून देतात; काही पुन्हा पहिल्या पानांकडे वळून जुन्या मजकुरावरच नवा मजकूर लिहितात. अनुक्रमणिका शाबूत असेपर्यंत सर्व फायलींची नावे यादीत व्यवस्थित दिसत राहतात. त्या उघडू गेल्यास उघडत नाहीत, अथवा छायाचित्राचा अर्धा भाग करडा दिसतो. शिक्षकाने वर्षभराचे गुणपत्रक, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या प्रती आणि सहलीची छायाचित्रे त्यात ठेवून संगणकावरील मूळ फायली पुसून टाकल्या असतील, तर त्या परत मिळविण्याचा मार्ग बहुधा उरत नाही. जे लिहिलेच गेले नाही ते कोणताही कारागीर बाहेर काढू शकत नाही. पेनड्राइव्हच्या किमतीचे नुकसान त्यामानाने क्षुल्लक होय.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ६४ जीबीचा अस्सल पेनड्राइव्हदेखील बहुतेक संगणकांवर सुमारे ५९.६ जीबी एवढाच दिसतो. कारखानदार एक जीबी म्हणजे एक अब्ज बाइट असे धरतो, तर संगणक १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा एक जीबी मोजतो. ही फसवणूक नव्हे. तसेच पुष्कळ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल घेतली जात नाही. तो मांडणीच्या जुन्या पद्धतीचा दोष असतो, वस्तूचा नव्हे. अशा कारणांवरून विक्रेत्याशी भांडण काढल्यास खऱ्या तक्रारीचे वजन कमी होते.

खरेदीपूर्वी

किंमत हा पहिला इशारा. काहीशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह देऊ करणारी जाहिरात खोटीच समजावी. तेवढी स्मृती त्या किमतीत तयारच होत नाही. नामांकित कंपनीचे नाव छापलेले असणे हाही पुरावा नव्हे, कारण नावाचीच नक्कल सर्वांत आधी होते. एकाच संकेतस्थळावर अनेक विक्रेते माल विकत असतात. म्हणून संकेतस्थळ प्रसिद्ध आहे एवढ्यावर न थांबता, प्रत्यक्ष विक्रेता कोण आणि त्याचा पत्ता कोठला, हे पाहावे. शक्य तर कंपनीने अधिकृत म्हणून घोषित केलेल्या विक्रेत्याकडूनच माल घ्यावा. ग्राहकांचे अभिप्राय वाचताना तारांकित गुणांपेक्षा ‘भरल्यानंतर फायली गेल्या’ अशा आशयाचे अभिप्राय शोधावेत. वस्तू हाती येताच लिहिलेली स्तुती येथे निरुपयोगी ठरते, कारण हा दोष पहिल्या दिवशी दिसतच नाही.

शासकीय कार्यालयांनी बिलाविना खरेदी करू नये, हे सांगणे न लगे. बिलावरील जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक नोंदणीचे राज्य दर्शवितात : महाराष्ट्र २७, गुजरात २४, दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव २६. विक्रेत्याने सांगितलेला पत्ता व हे अंक जुळत नसतील तर खुलासा मागावा.

माल आल्यावर

वस्तू परत करण्याची मुदत थोडी असते. म्हणून परीक्षा त्याच दिवशी घ्यावी. वेष्टन फोडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवणे हिताचे. वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हा तपशील असणे कायद्याने आवश्यक आहे.

खरी परीक्षा एकच : पेनड्राइव्ह काठोकाठ भरणे आणि भरलेले सर्व परत वाचून पाहणे. याकरिता विंडोजवर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ-थ्री’ हे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. ते ठरावीक मजकुराने संपूर्ण जागा भरतात, पुन्हा वाचतात आणि किती भाग खरा निघाला ते सांगतात. परीक्षा रिकाम्या पेनड्राइव्हवरच घ्यावी. सेकंदाला ८ एमबी या वेगाने ६४ जीबी भरण्यास सव्वादोन तासांच्या आसपास वेळ लागतो आणि वाचण्यास आणखी लागतो. शाळेचे काम चालू असता हे बाजूला होऊ शकते. असा कार्यक्रम उपलब्ध नसेल तर जुन्या फायलींच्या प्रतींनी पेनड्राइव्ह भरावा, तो बाहेर काढून पुन्हा जोडावा, आणि आरंभीच्या, मधल्या व अखेरच्या फायली उघडून पाहाव्यात. पुन्हा जोडण्याची पायरी टाळू नये, कारण संगणक कधी कधी स्वतःच्या स्मृतीतूनच फाईल दाखवितो आणि खोटा माल खरा भासतो. कार्यालयांनी ही परीक्षा झाल्यावरच साठा नोंदवहीत नोंद घ्यावी.

दाद कोठे मागावी?

ई-वाणिज्यविषयक २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे व एक महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. तेवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदविता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने आणखी एक मोठी सोय केली आहे. विक्रेता दिल्लीत असो वा सुरतेत, ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगापुढे त्याला तक्रार मांडता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही.

तक्रार करण्याच्या घाईत दुसरी फसवणूक होते, याचीही जाणीव असावी. इंटरनेटवर शोधून सापडलेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक अनेकदा भामट्यांचा असतो. ते पैसे परत देण्याच्या मिषाने ओटीपी विचारतात किंवा मोबाइलमध्ये एखादे ॲप घ्यावयास सांगतात. संपर्क नेहमी खरेदी केलेल्या संकेतस्थळाच्या आतूनच साधावा. तरीही खात्यातून रक्कम गेलीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती रोखून धरता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.