तांबडा डाग
त्या मे महिन्यातल्या सकाळी रायपूरच्या माना विमानतळावर विमानाच्या पोटाखाली तांबड्या तेलाचा रुपयाएवढा डाग होता. लहान विमानाचं पेट्रोल निळसर, इंजिनाचं ऑइल काळपट. तांबडं असतं ते हायड्रॉलिकचं. हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. तरी तो डाग चिंधीनं पुसला आणि विद्यार्थ्याला म्हणालो, "चल, ऊन तापायच्या आत परत येऊ."

विमान पायपर सेनेका, दोन इंजिनांचं. या विमानात वर गेलेली चाकं अडकवणारी कडी नसते; नुसता तेलाचा दाब त्यांना वर धरून ठेवतो. दाब उतरला की पंप आपोआप सुरू होऊन तो भरून काढतो. बिलासपूरच्या वाटेवर दर दोन-तीन मिनिटांनी पंप घुरघुरत होता. "सर, हा आवाज कसला?" पोरानं विचारलं. "पंपाचा," एवढंच बोललो. तो प्रश्न योग्य होता. त्याच क्षणी माघारी वळायला हवं होतं.

मान्याला उतरताना चाकांची लिव्हर खाली केली. पंप गप्प, चाकं खाली पक्की बसल्याचा हिरवा दिवा एकही नाही. राबून राबून मोटार तापली होती आणि तिचा सर्किट ब्रेकर उडाला होता. मी मान खाली घालून लिव्हर वर-खाली करत बसलो. उंचीचा काटा २,००० फुटांवर. पण मान्याची धावपट्टीच सुमारे १,०४० फुटांवर आहे, म्हणजे पायाखाली हजार फूटही नव्हते. "सर, स्पीड!" पोरगा ओरडला. त्या एका शब्दाचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून सांगतो, चाकं आली नाहीत तर आधी वर चढा. टॉवरला स्पष्ट सांगा, विमान एकानं उडवावं, तपासणीची यादी दुसऱ्यानं वाचावी. आम्ही आरंगच्या बाजूला ४,००० फुटांवर गेलो. ब्रेकर थंड होऊ देऊन एकदाच दाबला, पुन्हा उडाला. मग त्याला हात लावला नाही. वेग ८५ नॉटच्या खाली आणला, लिव्हर खाली ठेवली आणि आपत्कालीन मूठ ओढली. दाब सुटला, चाकं स्वतःच्या वजनानं धपकन खाली आली. तरीही दिवे दिसेनात! नेव्हिगेशन लाइट चालू असले की या विमानात चाकांचे दिवे मंद होतात, आणि भर उन्हात मंद दिवा विझल्यासारखाच वाटतो. नेव्हिगेशन लाइट बंद केले, तेव्हा तिन्ही हिरवे उजळले. ओढलेली मूठ परत आत ढकलायची नाही.

प्रत्येक विमानाची तऱ्हा निराळी. सेस्ना १७२ आरजीमध्ये हातपंप मारावा लागतो, आणि त्यालाही ओढायला तेल लागतंच. आपल्या विमानाचं पुस्तक जमिनीवरच वाचून ठेवा.

उतरायची घाई मात्र नको. ६ मे २०२१ ला नागपूरहून रुग्ण घेऊन निघालेल्या बीचक्राफ्ट सी-९० चं एक चाक उडतानाच निखळलं. वैमानिकानं विमान मुंबईला नेलं आणि फेस पसरलेल्या धावपट्टीवर पोटावर उतरवलं. पाचही जण सुखरूप राहिले.

आम्ही उतरल्यावर धावपट्टीवरच थांबलो. मेकॅनिकनं चाकं तपासेपर्यंत विमान हलवलं नाही. चाकं हलवणाऱ्या एका सिलिंडरचं सील झिजलेलं निघालं. तांबडा डाग दिसला तर पुसू नका. त्याच्याभोवती खडूनं गोल काढा आणि मेकॅनिकला बोलवा.