वॉर्ड सोड, वैद्यकी सोडू नकोस

प्रिय मुक्ता,

इंटर्नशिप संपत आली आणि जन्मभर पेशंट तपासत बसायचं नाही, असं तुझ्या मनाने घेतलंय. दादा-वहिनी काळजीत आहेत. मी नाही. एमबीबीएस झाल्यावर मी आधी आरोग्य विम्यात आणि मग औषधांच्या सुरक्षिततेच्या कामात नोकरी केली, आणि तिथूनच निवृत्त झाले. तेव्हा आत्या म्हणून चार गोष्टी हक्काने सांगते. दवाखान्याबाहेर डॉक्टरला पगार मिळतो तो त्याच्या वैद्यकीय नजरेचा. ती नजर शाबूत ठेवून बाहेर पडलीस तर कुठेही मानाने काम करशील. पुढचं सगळं सांगते आहे ते तिच्यासाठीच.

१. कागद आधी पक्के कर. इंटर्नशिप सह्यांपुरती उरकू नकोस. ती संपली की महाराष्ट्र वैद्यक परिषदेची कायम नोंदणी लगेच करून घे. तू सरकारी कॉलेजातली, तेव्हा सरकारी सेवेच्या बाँडच्या वर्षाचं काय करायचं हे नोकरीचे अर्ज टाकण्याआधी निकालात काढ. नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी होतं आणि त्याला क्रेडिट अवर्स लागतात. ते दरवर्षी थोडे थोडे जमव. 'मी कुठे प्रॅक्टिस करणार आहे' असं म्हणून नोंदणी लॅप्स होऊ देऊ नकोस. बाहेरच्या नोकऱ्यांतही नोंदणी क्रमांक विचारतात, आणि उद्या परतावंसं वाटलं तर वाट मोकळी राहते.

२. नेमकं काय नकोय ते शोध. रात्रीच्या ड्यूट्या नकोत, की पेशंटशी बोलणंच नको? नातेवाइकांच्या संतापाची धास्ती वाटते, की औषधं नसलेल्या वॉर्डात हात बांधल्यासारखे होतात? जसं उत्तर, तशी वाट. ड्यूट्याच नको असतील तर पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, पीएसएम या शाखा आहेत, मात्र त्यासाठी नीट पीजी द्यावीच लागेल. माणसांशी बोलायला आवडतं पण हॉस्पिटल नको, तर कारखान्यांतल्या कामगारांचं आरोग्य बघ. त्यासाठी एएफआयएच हा तीन महिन्यांचा कोर्स असतो. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत चौकशी कर. व्यवस्थेचाच राग येत असेल तर सार्वजनिक आरोग्य. पण थकलेल्या डोक्याने यातलं काहीच ठरवू नकोस. चार रात्री पुरती झोप घे, मग कागदावर लिहून काढ.

३. काम हातात घेऊन बघ. नुसत्या पदनामावरून कळत नाही. औषध सुरक्षिततेचं, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्सचं उदाहरण देते. कुठूनतरी एका ओळीचा रिपोर्ट येतो: 'फिटसाठी कार्बामाझेपिन चालू, अंगावर पुरळ, अ‍ॅडमिट.' बस, एवढंच. आता तू काय विचारशील? गोळी कधी सुरू झाली? पुरळ पहिल्याच संध्याकाळी उठलं, की तीन आठवड्यांनी? तोंडात, डोळ्यांत जखमा आहेत? सोबत सल्फाची एखादी गोळी चालू होती का? औषध थांबवल्यावर पुरळ उतरलं का? तीन आठवडे आणि तोंडातल्या जखमा, ही दोन उत्तरं आली की स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमची शंका तुझ्या मनात येतेच. नुसता फॉर्म भरणाऱ्याच्या मनात ती येत नाही. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा, तारखांसकट टिपण लिहायचं आणि औषधाचा संबंध खात्रीचा, बहुधा असलेला, शक्य की असंभाव्य, हे कारणांसह ठरवायचं. म्हणजे हिस्टरी घेणं इथेही सुटत नाही, फक्त पेशंट समोर नसतो. आपल्या देशाचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचं राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे आणि अनेक मेडिकल कॉलेजांत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी एडीआर केंद्रं आहेत. तुझ्या कॉलेजात असेल तर बहुधा फार्माकॉलॉजीतच सापडेल. तिथल्या सरांना विचारून दहा रिपोर्ट स्वतः भर. दहाव्या रिपोर्टलाही प्रश्न विचारावेसे वाटले, तर हे काम तुझं.

४. नर्सिंग नोट्स आधी वाच. विम्यात किंवा विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएत गेलीस तर हा मंत्र गाठीला बांध. डिस्चार्ज समरी शेवटी बसून लिहितात. टीपीआर चार्ट आणि नर्सिंग नोट्स त्या त्या वेळी लिहिल्या जातात. समरीत 'तीव्र ताप, भरती आवश्यक' आणि चार्टवर पाचही दिवस ९८.६, असं दिसलं की थांबून चौकशी करायची. उलटही होतं. घाईत लिहिलेल्या तोकड्या समरीमुळे दावा नामंजूर व्हायच्या बेतात असतो, आणि पहाटे दोनला सिस्टॉलिक बीपी ८० वर आल्याची नोंद सिस्टरांनी केलेली असते. ती तुला दिसली, तर बिलिंग काउंटरवर उभं असलेलं कुटुंब कर्जातून वाचतं. २०२४ पासून विमा नियामकाने कॅशलेसच्या मंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीला तीन तास अशी मुदत घातली आहे, त्यामुळे फाइल झरझर पण नेमकी वाचायची सवय लावावी लागते. कंपनीचे पैसे वाचवणं हे डॉक्टरचं काम नाही. खरं काय घडलं ते शोधणं हे आहे. जिथे किती दावे नाकारले यावर तुझी किंमत ठरवतील, तिथे राहू नकोस.

५. सार्वजनिक आरोग्यात जायचं तर मोजायला शिक. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर गेली. जगाने ते मानलं, कारण जिथे हे काम केलं त्या गावांतला आणि जिथे केलं नाही त्या गावांतला प्रत्येक जन्म-मृत्यू मोजलेला होता. सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, करायची तर त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन सेंटर, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, मुंबईची टिस अशा ठिकाणी सांख्यिकी आणि फील्डवर्क किती आहे ते आधी बघ. त्याआधी वर्षभर एखाद्या जिल्ह्यात साथरोग सर्वेक्षणाचं काम केलंस, तर वर्गात शिकवलेलं लगेच उमगेल. यातल्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात, तेव्हा मुदत आणि नूतनीकरणाच्या अटी सहीआधी वाच.

६. सर्टिफिकेटांवर पैसे उधळू नकोस. 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगून लाखाचे कोर्स विकणारे पुष्कळ भेटतील. क्लिनिकल ट्रायलसाठी लागणारं जीसीपी प्रमाणपत्र ऑनलाइन फुकटही मिळतं. एक्सेल आणि सोपं, स्वच्छ इंग्रजी मात्र मन लावून शिक. आठवड्याला एक शोधनिबंध घे आणि दोनशे शब्दांत त्याचा सारांश लिही. मग तोच वहिनीला मराठीत सांग. तिला कळला, तर तुलाही कळला. मेडिकल रायटिंगची याहून चांगली तालीम मला माहीत नाही.

७. मुलाखतीत वॉर्डाची निंदा करू नकोस. 'क्लिनिकल का सोडलं?' हा प्रश्न येणारच. मी मुलाखती घ्यायचे तेव्हा 'कंटाळा आला' म्हणणाऱ्यापेक्षा 'हे काम करून बघितलं, ते आवडलं' म्हणून एक उदाहरण देणारी मुलं मला भावायची. पहिला पगार बेताचा असेल, सोबतच्या मुली पीजी होऊन पुढे गेल्यासारख्या वाटतील. पहिली दोन वर्षं पगारापेक्षा वरिष्ठ कोण मिळतो ते बघ. टिपणातली चूक लाल पेनने दाखवणारा वरिष्ठ मिळाला तर त्याला सोडू नकोस.

८. दादाशी मोघम बोलू नकोस. 'कॉर्पोरेटमध्ये जातेय' म्हटलंस की त्याला एवढंच ऐकू येणार की मुलगी डॉक्टरकी सोडतेय. त्याऐवजी पुरळाचा तो रिपोर्ट त्याला समजावून सांग. अशा नोंदी साठल्या की औषधाच्या माहितीपत्रकात इशारा येतो आणि न भेटलेल्या माणसांचा जीव वाचतो, हे त्याला पटेल. शैक्षणिक कर्जाचा हप्ता कसा फेडणार तेही आकड्यांत मांड. त्याची निम्मी काळजी तीच आहे.

आता लगेच करायचं ते एवढंच. इंटर्नशिप संपायच्या आत या कामांपैकी एक निवड, ते करणाऱ्या डॉक्टरला गाठ आणि त्याच्या शेजारी एक अख्खा दिवस बसून ये. कोणी ओळखीचं नसेल तर मला सांग, मी बोलते. त्या दिवशी काय पाहिलंस ते मला पानभर लिहून पाठव. मग पुढचं दोघी मिळून ठरवू.

तुझी आत्या