साधी हायब्रिड आणि प्लगची हायब्रिड : एक हिशेब
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

मोटारगाड्यांवरचा लेख विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावा, कला शाखेच्या विद्यार्थिनीचे तेथे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. परंतु गाडी कशी चालते हा प्रश्न विज्ञानाचा असला, तरी ती कोणाला परवडते हा प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आपण प्रथम वर्षाला केळी आणि आंब्यांच्या उदाहरणांनी शिकलो. मला तो खरा उमगला तो या गाड्यांचे आकडे वहीत मांडताना.

आधी थोडी ओळख. हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही असतात. ब्रेक दाबला की साध्या गाडीत जी शक्ती उष्णता होऊन वाया जाते, तिचा काही भाग येथे विजेच्या रूपाने बॅटरीत साठतो आणि गाडी पुन्हा निघताना कामी येतो. सिग्नलला इंजिन बंद राहते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही. टोयोटा कंपनीची प्रियस ही गाडी १९९७ साली जपानमध्ये विक्रीस आली, ती या प्रकारची. प्लगच्या हायब्रिडमध्ये हेच सर्व असते. मात्र बॅटरी कितीतरी मोठी असते आणि ती घरच्या विजेवर चार्ज करता येते. रोजचा जवळचा प्रवास विजेवर आणि लांबचा पेट्रोलवर, अशी त्यामागची कल्पना. कल्पना म्हणून ती उत्तमच आहे.

तुलनेसाठी एकाच घरातल्या दोन बहिणी घ्याव्यात, म्हणजे अन्याय होत नाही. अमेरिकेत २०२३ च्या मॉडेलमध्ये साध्या प्रियसची किंमत २७,४५० डॉलरपासून आणि प्लगच्या प्रियस प्राइमची ३२,३५० डॉलरपासून होती. फरक ४,९०० डॉलरचा. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकड्यांनुसार साधी प्रियस गॅलनला ५७ मैल, म्हणजे आपल्या भाषेत लीटरला सुमारे २४ किलोमीटर ॲव्हरेज देते. प्राइम एका चार्जिंगवर ४४ मैल, म्हणजे सुमारे ७१ किलोमीटर जाते. बॅटरी संपल्यावर मात्र ती गॅलनला ५२ मैलच देते, कारण मोठ्या बॅटरीचे ओझे वाहावे लागते. विजेवर १०० मैलांना तिला साधारण साडेसव्वीस युनिट लागतात. (विजेच्या बिलावरचे युनिट तेच हे.)

आता वर्षाला १२,००० मैल धावणारी गाडी घेऊ. पेट्रोल गॅलनला साडेतीन डॉलर आणि वीज युनिटला १६ सेंट धरू. २०२३ मधील अमेरिकेच्या सरासरीच्या हे जवळ आहे. गॅलनला ३५ मैल देणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीला वर्षाला १,२०० डॉलरचे पेट्रोल लागेल. साध्या प्रियसला ७३७ डॉलरचे. प्राइम वर्षभर केवळ विजेवर चालली, तर वीज ५०९ डॉलरची. म्हणजे पेट्रोल गाडीवरून हायब्रिडवर येताना ४६३ डॉलर वाचले. हायब्रिडवरून प्लगवर येताना, तेही सर्वांत अनुकूल परिस्थितीत, फक्त २२८. पहिल्या घासाची गोडी दुसऱ्याला नाही ती अशी.

२२८ डॉलरच्या बचतीतून ४,९०० डॉलर भरून निघायला साडेएकवीस वर्षे लागतील. त्याहून मजेची गोष्ट पुढे आहे. हेच ४,९०० डॉलर समजा पाच टक्के व्याजाने ठेवले, तर वर्षाला २४५ डॉलर घरबसल्या मिळतात! प्राइमची ताकद साध्या प्रियसपेक्षा जास्त आहे, त्यामुळे जादा किंमत सगळीच बॅटरीची नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पेट्रोल दुप्पट महाग आणि वीज तेवढीच असती, तर हाच फरक पाच वर्षांत निघाला असता. पण मालकाने प्लग लावण्याचा कंटाळा केला, तर प्राइमला वर्षाला ८०८ डॉलरचे पेट्रोल लागेल, स्वस्त बहिणीपेक्षा ७१ डॉलर अधिक.

आणि माणसे कंटाळा करतात. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरील गाड्यांची माहिती प्रसिद्ध केली. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचे प्रत्यक्षातील प्रदूषण प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त होते; प्लगच्या हायब्रिडचे सरासरी साडेतीन पट. यात कंपनीकडून मिळालेल्या गाड्यांचा वाटा मोठा आहे. पेट्रोलचे बिल कंपनी भरणार आणि विजेचे स्वतःला भरावे लागणार, मग रात्री तार कोण जोडील? त्या माणसाला आळशी म्हणण्यापेक्षा हिशेबी म्हणणे मला अधिक योग्य वाटते. जर्मनीने अशा गाड्यांना दिले जाणारे सरकारी अनुदान २०२२ च्या अखेरीस बंद केले.

ॲव्हरेजच्या आकड्याची आणखी एक फसवणूक आहे. २००८ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सॉल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात ती दाखवून दिली. १,००० किलोमीटरला लीटरमागे १० किलोमीटर देणारी गाडी १०० लीटर पिते, २० देणारी ५०, आणि ३० देणारी ३३. पहिल्या दहाच्या वाढीने ५० लीटर वाचले, दुसऱ्या दहाने केवळ १७. जाहिरातीत दोन्ही वाढी सारख्याच दिसतात. म्हणून गाडी लीटरला किती जाते यापेक्षा १०० किलोमीटरला किती पिते, हे विचारावे.

हा विषय मी निवडला त्याला घरचे कारणही आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील दुसऱ्याच्या मालकीची टुरिस्ट गाडी चालवतात, आणि आता कर्ज काढून स्वतःची घ्यावी असा घरात विचार चालू आहे. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या हायब्रिड गाड्या जवळजवळ सर्व साध्या प्रकारच्याच. प्लगच्या गाड्या श्रीमंतांच्या महागड्या गाड्यांत आढळतात. समजा उद्या त्या स्वस्त झाल्या, तरी आमच्या गल्लीत गाडी रात्री जिथे जागा मिळेल तिथे उभी राहते. दुसऱ्या मजल्यावरून तार सोडायची कशी? प्लगच्या गाडीच्या किमतीत एका हक्काच्या पार्किंगची किंमतही मिळवावी लागते, आणि ती कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते.

साध्या हायब्रिडचा हिशेब मात्र वेगळा निघतो. मारुतीची ग्रँड व्हिटारा ही गाडी २०२२ साली आली. तिच्या पूर्ण हायब्रिड प्रकाराचे कंपनीने जाहीर केलेले ॲव्हरेज लीटरला २७.९७ किलोमीटर, तर दुसऱ्या, मॅन्युअल गिअरच्या प्रकाराचे २१.११ होते. किमतीतला फरक दोन लाख आणि पेट्रोल १०४ रुपये लीटर धरू. वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणाऱ्या नोकरदाराचे सुमारे २४,००० रुपये वाचतात. दोन लाखांच्या कर्जावर दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षी २०,००० रुपये व्याजच होते, म्हणजे हाती फारसे काही राहत नाही. पण वर्षाला ६०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ७२,००० रुपये वाचतात, आणि व्याज धरूनही फरक चार वर्षांच्या आत निघतो. गाडी तीच, इंजिन तेच. मूल्य चालवणाऱ्यागणिक बदलते.

देशाच्या दृष्टीने पाहिले तर आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो, तेव्हा वाचलेला प्रत्येक लीटर मोलाचा आहे. तरीही २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जी.एस.टी.च्या दरांत मोठी हायब्रिड गाडी आणि मोठी पेट्रोल गाडी यांना सारखाच ४० टक्के कर आहे. केवळ विजेवरच्या गाडीला ५ टक्के. ज्याच्याकडे प्लग आहे त्याला सवलत, आणि ज्याच्याकडे तो नाही पण जो सर्वांत जास्त किलोमीटर चालवतो त्याला नाही, ही वाटणी मला पटत नाही.

वडिलांना मी हा हिशेब वहीत मांडून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि सी.एन.जी.ची ओळ कुठे आहे ते विचारले. तो रकाना मी आता भरते आहे. पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ कोणत्या दराने धरायचा, एवढाच प्रश्न उरला आहे.