आयएलआरनंतरचं पहिलं वर्ष

आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी, मिळालं की इथे लंडनच्या पिनरमध्ये आणि आसपासच्या हॅरो, केंटनमधल्या मराठी घरांत पहिला बेत ठरतो तो भारतात जाण्याचा. व्हिसा आणि रजा यांच्या कात्रीत इतकी वर्षं काढलेली असतात. आता आई-वडिलांजवळ निवांत राहू, असं वाटतं. माझंही तसंच झालं. साताऱ्याला आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ती काठी टेकत अंगणात यायला लागेपर्यंत मी तिच्याजवळ राहिले. परत आल्यावर सिटिझनशिपचा अर्ज उघडला आणि लक्षात आलं, की नेमकं हेच वर्ष सगळ्यात काटेकोरपणे मोजलं जातं.

1981 च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याप्रमाणे अर्जाच्या तारखेपासून मागे 5 वर्षं मोजतात. त्यात देशाबाहेरचे दिवस 450 च्या वर नकोत, आणि शेवटच्या 12 महिन्यांत 90 च्या वर नकोत. जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल तर 3 वर्षं आणि 270 दिवस. 90 ची अट तीच. नोकरीच्या व्हिसावरून आयएलआर घेताना आपण 12 महिन्यांत 180 दिवस हा आकडा पाठ केलेला असतो. पण आयएलआरनंतर वर्ष थांबून लगेच अर्ज करायचा, तर तेच वर्ष अर्जाआधीचं शेवटचं वर्ष ठरतं. तिथे 180 चालत नाहीत.

‘आईचं आजारपण लिही, चालतं,’ असं मला काहींनी सांगितलं. होम ऑफिसला सवलतीचा अधिकार आहे हे खरं. शेवटच्या वर्षातले 100 पर्यंतचे दिवस ते सहसा सोडून देतात. त्यापुढे सबळ कारण आणि कागद लागतात. अर्ज नामंजूर झाला तर शपथेच्या समारंभाचे पैसे सोडून बाकी फी परत मिळत नाही. ही रक्कम हजार पौंडांच्या बरीच वर आहे. म्हणून मी अर्जच पुढे ढकलला. तारीख आपण निवडतो, आणि ती पुढे नेली की लांबलेली वारी शेवटच्या 12 महिन्यांतून बाहेर पडते. तुम्हालाही मी हेच सांगेन: माणसाला गरज असेल तर जाऊन राहा आणि अर्ज थांबवा. सलग 2 वर्षांहून जास्त बाहेर राहिलात तरच आयएलआर जातं.

नवी तारीख ठरवताना बरोबर 5 वर्षांपूर्वीच्या त्याच दिवशी आपण इथे होतो का, हेही पाहा. एखाद्या जुन्या दिवाळीच्या सुट्टीत तो दिवस सापडायचा! 2022 पासून याबाबतही सवलत मिळू शकते, पण तारीख दोन आठवडे सरकवणं जास्त सोपं. इथून निघण्याचा आणि इथे परत पोहोचण्याचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. हीथ्रोवरून निघताना शिक्का पडत नाही, त्यामुळे मुंबईच्या इमिग्रेशनचे शिक्के फार उपयोगी पडतात. रद्द झालेले जुने पासपोर्ट जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी घरी म्हातारं माणूस असलेल्यांनी आधीच ध्यानात घ्यावी. पिनरकरांची शपथ हॅरो कौन्सिलच्या समारंभात होते आणि त्याच दिवशी भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. ब्रिटिश पासपोर्ट, मग सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड), यात आठवडे जातात. तोवर तातडीने निघायचं तर व्हिसा हवा. शपथेला निमंत्रणापासून 3 महिन्यांची मुदत असते. तेव्हा दिवस ठरवण्याआधी भावंडांशी बोलून घ्या, की त्या आठवड्यांत घरी काही झालंच तर आई-वडिलांजवळ कोण पोहोचेल.