फ्यूज वायरसाठी असतो

अगं, १९६६ ची एमजीबी घेतलीस हे ऐकून फार बरं वाटलं. तिची लुकास कंपनीची वायरिंग उगीच बदनाम आहे. रंग वाचता आले की ती गाडी तुझ्याशी बोलते. डॅशबोर्डला हात घालण्याआधी मामाचं एवढं ऐकून घे.

आधी सीटमागच्या दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्या बघ. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. मधल्या कुणी मालकाने तो उलटा केला असेल, तर आरपीएमच्या मीटरमध्येही बदल केलेला असायला हवा. नसेल तर तो मीटर बिघडला समजून फेकू नकोस. आणि ऑइल प्रेशर-पाण्याच्या तापमानाच्या जुळ्या गेजला वीज लागतच नाही. इंजिनपासून त्याच्याकडे बारीक नळ्या येतात. वायर समजून त्यातली तापमानाची नळी कापलीस किंवा दुमडलीस, तर ते गेज गेलं.

राहिला पेट्रोलचा काटा. तुझ्या गाडीत तो तापून वाकणाऱ्या पट्टीवर चालतो, म्हणून किल्ली फिरवल्यावर सावकाश चढतो. त्याला बारा व्होल्ट सोसत नाहीत. मागे बसवलेला छोटा स्टॅबिलायझर वीज चालू-बंद करत सरासरी दहा व्होल्ट देतो. त्यामुळे डिजिटल मीटरवर आकडे नाचतील, तो बिघाड नव्हे. टेस्ट लॅम्प लावलास तर तो लुकलुकताना दिसेल. न लुकलुकता सतत जळत राहिला, तर आधी स्टॅबिलायझरच्या पत्र्याचं अर्थिंग घासून साफ कर. अर्थ सुटला की तो बॅटरीची सगळी वीज गेजला देतो आणि काटा खोटंच भरलेली टाकी दाखवतो. नवा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर घेणार असशील, तर तुझ्या गाडीच्या अर्थिंगला चालणाराच माग.

गेज तपासायचं टाकीपाशी नाही, डॅशबोर्डमागे. पेट्रोलजवळ ठिणगी नको. हिरवी-काळी वायर काढ, काटा शून्यावर यायला हवा. मग तेच टर्मिनल तारेच्या तुकड्याने क्षणभर बॉडीला लाव, काटा वर चढायला लागला पाहिजे. चढला की लगेच सोड. गेज ठीक, दोष टाकीतल्या फ्लोटच्या युनिटमध्ये, वायरीत किंवा टाकीच्या अर्थमध्ये. १९६४ आधीच्या एमजीबीत हे सगळं उलट असतं: वायर काढली की काटा भरलेला, बॉडीला लावली की रिकामा. म्हणून कुणी सांगितलेला उपाय करण्याआधी गाडीचं साल विचार.

आता मुख्य गोष्ट. फ्यूज हॉर्नसाठी किंवा दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. तुझ्या गाडीत दोनच फ्यूज आहेत. एकातून तपकिरी वायरीची वीज जांभळीत जाते, दुसऱ्यातून पांढरीची हिरवीत. दोन्हींवर ३५ लिहिलेलं असेल. ब्रिटिश फ्यूजवरचा तो आकडा वितळण्याचा आहे. सतत सोसायचा भार त्याच्या निम्मा, साधारण १७ अँपिअर. हल्लीच्या पात्याच्या फ्यूजवरचा आकडा मात्र सतत वाहण्याचा असतो. ३५ च्या जागी ३५ बघून बसवलास, तर फ्यूज शाबूत राहून वायर जळेल. चांदीचा कागद गुंडाळायचा तर विचारही नको.

हेडलाइटला मूळ वायरिंगमध्ये फ्यूजच नाही, सगळा भार डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. रिले घाल म्हणजे स्विचवर फक्त रिलेचा किरकोळ भार राहील. ५५ वॉटचा एक बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा १० चा फ्यूज आणि २८ तारांची, दोन चौरस मिलिमीटरची वायर दे. घाटात एक फ्यूज उडाला तरी दुसरा दिवा पेटत राहतो, म्हणून वेगळा म्हणतो आहे. दोघांना एकच फ्यूज लावणाऱ्या मेकॅनिकला तर कामच देऊ नकोस, इतकं ते मला महत्त्वाचं वाटतं. फ्यूज बॅटरीच्या बाजूला जितका जवळ, तितका जास्त तुकडा सुरक्षित. इग्निशनच्या पांढऱ्या वायरीला मात्र फ्यूज घालू नकोस; तो उडाला तर चालत्या रस्त्यात इंजिन बंद पडेल.

सगळी वायरिंग एकदम उपटू नकोस. एका वेळी एक सर्किट, आणि काढण्याआधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच. जोड नीट दाबून बसव, पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड मला दाखवू नकोस.

आणि पहिल्यांदा वीज सोडताना फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब लाव. त्या सर्किटवरचं सगळं बंद ठेव. शॉर्ट असेल तर बल्ब भडक पेटेल, पण त्यातून पावणेदोन अँपिअरच्या वर वीज जाणार नाही, वायर वाचेल. मग एकेक जोड सुटा करत जा. ज्या जोडाला बल्ब विझेल, त्याच्या पुढे शोध.