मालमोटारींच्या टकरी : कारण व दाद

वाराणसीजवळ गंगेच्या पूर्व तीरावर रामनगर वसले आहे. दिल्ली-कोलकाता महामार्गावरील मालमोटारी विश्वसुंदरी पुलावरून या नगराजवळून जातात. अशा वाहनांच्या टकरीस लोक दैवाचा कोप मानतात; परंतु तिची कारणे मोजता येतात.

ताशी 60 किलोमीटर वेगाची मालमोटार सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. धोका दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर सरते. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लागल्यावर थांबण्यास चौपट अंतर लागते. जादा भाराने ब्रेक तापून दुबळे होतात.

हीच मोजमापे न्यायाच्या कामी येतात. टायरच्या खुणा लवकर पुसतात. म्हणून त्यांची लांबी पंचनाम्यात त्वरित नोंदली जावी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा न्यायाधिकरणापुढे चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. कलम 164 खाली तो सिद्ध न करताही मृत्यूबद्दल 5 लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देणारे वाहन न सापडल्यास कलम 161 अन्वये मृताच्या वारसांना 2 लाख रुपयांची तरतूद आहे. स्त्रिया व मुलांना, तसेच अल्प उत्पन्न असलेल्यांना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य वकील देते.